‘कीचकवध’ आणि मूक ‘सैरंध्री’

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. पुढे दहा वर्षांनी, १९२० मध्ये, बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे या नाटकाच्या आधारे ‘सैरंध्री’ हा मूकपट निर्माण केला. तो आज उपलब्ध नाही. अशा नष्ट कृतीचा विचार करताना मूळ नाटकाचे गुण तिला सहजच बहाल केले जातात. हा मोह टाळावयास हवा.

‘कीचकवधा’चे सामर्थ्य मुख्यतः संवादांत आहे. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, धर्मराज म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, हा अर्थ व्हॅलेंटाइन चिरोलसारख्या विरोधकानेही लावला. परंतु तो केवळ कथानकातून निघत नाही. कथानक महाभारतातीलच होय. अपमान सोसावा की त्याचा तत्काळ प्रतिकार करावा, या वादातून तो उभा राहतो. पडद्यावरील मजकुराच्या चार ओळींत असा वाद रंगविणे दुष्कर होय.

पेंटर हे मुळात चित्रकार. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यात त्यांचा हात तयार झालेला. त्यांनी भर दिला तो दृश्यावर. भीमाच्या हातून होणारा कीचकाचा वध इतका हुबेहूब वठला की तेवढ्या दृश्यास कात्री लागली. हा भेद अर्थपूर्ण आहे. नाटक सबंध बंद झाले, कारण त्यातील विचार आक्षेपार्ह ठरला. पटात आक्षेपार्ह ठरले ते रक्त. ‘सैरंध्री’ला राजद्रोही नाटकाची थेट वारसदार म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग पटाचे स्वतःचे असे काय होते? एक उत्तर त्याच्या नावातच आहे. नाटकाचे नाव वधावरून, तर पटाचे पीडित स्त्रीवरून पडले. शिवाय रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करीत असता, येथे कमलादेवी व सुशीलादेवी या स्त्रियांनीच काम केले. विटंबनेला खऱ्या स्त्रीचा चेहरा लाभला.

लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. टिळकांच्या पिढीला नाटकातील वाद परिचित होता. पडद्यावरील मौन ती स्मरणाने भरून काढू शकत होती. नंतरच्या प्रेक्षकाला ती सोय नव्हती. म्हणून ‘सैरंध्री’ नष्ट झाली तेव्हा केवळ फीत गेली असे नव्हे. त्या फितीला बोलते करणारा प्रेक्षकही गेला, आणि ही हानी अधिक मोठी होय.