काळ्या कुंचीतला गॉब्लिन

अंगठ्याच्या पेराएवढा हा गॉब्लिन, म्हणजे पाश्चात्त्य लोककथांतल्या खट्याळ पिशाच्चाचा पुतळा, माझ्याकडे आला तेव्हा त्याच्यावर इनॅमलचे इतके थर होते की तोंड कुठलं आणि कपड्याची चुणी कुठली, काही कळत नव्हतं. नव्वदच्या दशकातला, धातूचा, कुणीतरी लहानपणी हौसेनं माखलेला. जुन्या मिनिएचर, म्हणजे खेळातले असे चिमुकले पुतळे, विकत घेताना असे नग येतातच, आणि मला तेच जास्त आवडतात. दोन दिवस रंग उतरवायच्या द्रावणात बुडवून ठेवला, जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासला, धुतला, भिंगाखाली धरला. खालच्या जबड्यात चार दात निघाले. चारही वेगवेगळ्या उंचीचे, त्यातला एक टोकाशी तुटलेला. आधी वाटलं, ओतकामातला दोष असेल. पण तुटल्या जागी नखानं कोरल्यासारखी स्वच्छ तिरकी कड होती. दात तुटका घडवलेला होता.

हा दात ज्यानं घडवला त्याला ठाऊक होतं की खेळाच्या टेबलावर, हातभर अंतरावरून, तो कुणालाही दिसणार नाही. दिसला तर एकालाच दिसेल, जो कुंचला घेऊन त्याच्या जवळ जाईल त्याला. मिनिएचर रंगवणं म्हणजे माझ्या लेखी आधी हे वाचन आहे. रंग नंतर.

हा गॉब्लिन ज्या खेळातला, तो वॉरहॅमर १९८३ साली इंग्लंडमध्ये आला. ब्रायन अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांनी तो लिहिला. सिटाडेल कंपनीच्या धातूच्या पुतळ्यांना लढायला निमित्त हवं होतं, गिऱ्हाइकांनी एकाऐवजी पलटणच्या पलटण घ्यावी असा व्यापारी हिशेबही त्यात होता. खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’मध्ये मांडलेच होते. पण वेल्सचे सैनिक एकसारखे, गणवेशातले. वॉरहॅमरच्या फौजांत एल्फ, बुटके, सांगाडे, उंदीरमाणसं आली आणि प्रत्येकाला स्वतःचा चेहरा मिळाला. गॉब्लिनांना तो दिला प्रामुख्यानं केव्ह अ‍ॅडम्स या शिल्पकारानं. या छंदातली माणसं अ‍ॅडम्सना ‘गॉब्लिनमास्टर’ म्हणतात. लांब ओघळलेलं नाक, पुढे आलेली हनुवटी, कानापर्यंत फाटलेलं तोंड, आणि या सगळ्यात कुठेतरी आपल्या ओळखीच्या एखाद्या खट्याळ काकांची झाक. माझा गॉब्लिन त्याच वळणाचा आहे.

त्याची जात नाईट गॉब्लिन. डोंगराखालच्या गुहांत राहणारी, उजेडाचा तिटकारा असलेली ही मंडळी काळे झगे घालतात आणि डोक्यावर लांब टोकाची कुंची ओढून घेतात. दुसरा शब्द मला सुचत नाही; तान्ह्या बाळाला घालतात ती कुंचीच, फक्त काळी आणि टोकाशी लुळी पडलेली. माझ्याकडचा त्यांच्यातला फॅनॅटिक आहे. त्याला अळंब्यांची जहरी दारू पाजतात, हातात साखळी आणि साखळीला त्याच्याहून मोठा लोखंडी गोळा देतात, आणि पलटणीच्या आत लपवून ठेवतात. शत्रू आठ इंचांवर आला की त्याला बाहेर सोडायचं. मग तो गरगर फिरत सुटतो. पहिल्या फेरीपुरती दिशा खेळाडूच्या हातात, पुढे फासे नेतील तिकडे. समोरच्या सरदारांच्या रांगेत घुसेल, नाहीतर वळून आपल्याच माणसांत. शेवटी बहुधा साखळीत गुरफटून मरतो.

हे माहीत असल्याशिवाय पुतळा कळत नाही. नुसतं पाहिलं तर एक विचित्र ध्यान जीभ बाहेर काढून फिरतंय, एवढंच. माहीत असलं की नजर पायांकडे जाते. एक पाय टेकलेला, तोही टाचेवर, दुसरा सुटलेला. धड मागे रेललेलं, हात पुढे ताणलेले, साखळी सरळ रेषेत. म्हणजे गोळा तो फिरवत नाही, गोळा त्याला फिरवतोय. कुंचीचं टोक गोळ्याच्या उलट दिशेला उडालंय आणि झग्याच्या चुण्या कमरेभोवती पिळासारख्या वळल्यात. कपडा कसा उडतो याचं इतकं नेमकं भान मोठ्या शिल्पातही दर वेळी सापडत नाही.

रंग उतरवलेला पुतळा मी आईला दाखवला. तिनं भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हा हसतोय की ओरडतोय रे?”

त्या प्रश्नाचं उत्तर धातूत नाही. शिल्पकारानं ते मोकळं सोडलंय, आणि रंगवणाऱ्याची जागा तिथेच आहे. एकाच मूळ नमुन्यावरून हजारो नग निघाले, सगळे सारखे. बंदिश एक, गाणारे अनेक. घराणीही आहेत. कंपनीच्या स्वतःच्या ‘’एव्ही मेटल’ चमूचा रंग स्वच्छ, भडक, प्रत्येक कडेवर उजेडाची बारीक रेघ; दुरून पलटण ओळखू यावी असा. दुसरीकडे जॉन ब्लँश. कित्येक वर्षं कंपनीचे कलादिग्दर्शक राहिलेल्या या चित्रकाराच्या मिनिएचर तांबूस-तपकिरी, धुरकट, गंजलेल्या. काही ठिकाणी रंग मुद्दाम विरलेला. ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकातल्या ‘ब्लँचित्सु’ या सदरातून ती वाट पुष्कळांना सापडली. १९८७ पासून भरणाऱ्या गोल्डन डीमन स्पर्धेत सर्वोत्तम ठरणाऱ्याला खरीखुरी तलवार मिळते, आणि ती जिंकणारी बरीचशी कामं पहिल्या घराण्याची असतात. मला आदर पहिल्याचा आहे, जीव दुसऱ्यावर आहे.

घराणं कुठलंही असो, सगळ्यांपुढे अडचण एकच. लहान वस्तूवरचा उजेड मोठ्या वस्तूवरच्यासारखा दिसत नाही. माणसाच्या अंगावरच्या झग्याची चुणी चार बोटं खोल असते, तिच्यात सावली साठते. इथे चुणी मिलिमीटरभर. तिच्यातली सावली इतकी बारीक की दुरून डोळ्याला ती जाणवतच नाही. म्हणून एकरंगी रंगवलेला पुतळा प्लॅस्टिकच्या गोळीसारखा दिसतो. सावली रंगवावी लागते, उजेडही रंगवावा लागतो. खऱ्या घडीवर खोटी सावली, खऱ्या उंचवट्यावर खोटा उजेड, आणि दोन्ही एकमेकांवर चपखल बसले की डोळा फसतो आणि पेराएवढा गॉब्लिन एकाएकी हातभर वाटू लागतो. तो क्षण मी शेकडो वेळा अनुभवलाय, तरी दर वेळी हात थांबतो.

त्यातही काळा. काळा झगा काळ्या रंगानं रंगवला तर सावलीला जागाच उरत नाही. काळ्याहून काळं काय लावणार? म्हणून काळं नसलेलं काळं तयार करायचं. मी गडद निळ्यात करडा आणि किंचित तपकिरी मिसळला, पाणी घालून दुधाइतका पातळ केला आणि तीन हात दिले. शुद्ध काळा फक्त चुण्यांच्या तळाशी, वॉश म्हणून, म्हणजे रंगीत पाण्यासारखा. तो आपोआप ओघळून खोलगटात बसतो. मग निळसर करड्याच्या रेघा, फक्त पिळाच्या माथ्यावर, आणि वर जाताना प्रत्येक रेघ आधीच्या निम्म्या रुंदीची. शेवटची रेघ जवळजवळ पांढरी आणि केसाएवढी. इतकं करून लांबून पाहिलं तर काय दिसतं? काळा झगा. चार संध्याकाळी त्या एका शब्दासाठी गेल्या आणि त्या मला फार प्रिय आहेत.

छातीवर दुष्ट चेहऱ्याची चंद्रकोर आहे, ती पिवळी. पिवळा रंग काळ्यावर धरत नाही, म्हणून खाली गेरूसारखा तांबूस-पिवळा थर. गोळ्यासाठी धातूची चमक असलेला रंग मी वापरला नाही. करड्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांनी धातू भासवायची रीत आहे. ती अवघड, पण तिचा फायदा असा की गोळ्यावरचा चकाकता ठिपका कुठे ठेवायचा हे दिवा ठरवत नाही, मी ठरवतो. मी तो गॉब्लिनच्या बाजूला ठेवला. त्याला त्यात स्वतःचं तोंड दिसावं, इतपत.

दुसरा एक पुतळा मात्र पावसाळ्यानं घेतला. जुलैत, पुण्यात, गॅलरीत उभं राहून मॅट वार्निशचा स्प्रे मारला. हवेतली ओल त्यात अडकली आणि महिन्याचं काम पांढुरक्या धुक्याखाली गेलं. इंग्लंडमधल्या पुस्तकांत गॅरेजची थंडी सांभाळायला सांगतात, आपल्याकडे वार्निश दिवाळीनंतर. म्हणून हा फॅनॅटिक चार महिने तसाच, वार्निशवाचून, काचेच्या बरणीखाली होता.

२०१९ साली या गॉब्लिनांची नवी फौज प्लॅस्टिकमध्ये आली. संगणकावर घडवलेली, धारदार, साखळीची कडी न् कडी सुटी दिसणारी. ती सुंदर आहे, माझ्याकडे तीही आहे. पण तिच्यात मला अजून तो तुटका दात सापडलेला नाही. मूळ नमुना घडवताना हातानं एपॉक्सी पुट्टी दाबणाऱ्या माणसाचं बोट जिथे थोडं जास्त रेंगाळतं, ती जागा जुन्या धातूत कळते.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडे आणि अखेरीला असते. मिनिएचरमध्ये मी उलट करतो, डोळे आधी. हात हलला तर भोवतालच्या कातडीचा हिरवा नंतर सावरून घेतो. खोबणीत गडद तपकिरी, त्यावर सायीच्या रंगाची आडवी रेघ, आणि तिच्यावर लाल ठिपका. आईचा प्रश्न या ठिपक्यावर येऊन थांबला. ठिपका मधोमध ठेवला की चेहरा हसतो. वर, पापणीला चिकटवला आणि खाली पांढरं उघडं राहिलं, की तोच चेहरा तेच तोंड उघडून किंचाळतो. उजव्या डोळ्यात मी ठिपका मधोमध दिला. डाव्यात वर. कुंचीची सावली डाव्या बाजूला जास्त आहे, त्यामुळे तो डोळा भिंग तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही.