हाडं कुणाची जाळली?

आपल्या अभ्यासवर्गात गॅलिलिओ आला की वक्ता सुटतोच. चर्च म्हणजे विज्ञानाचा वैरी, विषय खलास! 1633चा खटला खराच. चूक कबूल करायला रोमला 1992 उजाडलं. पण तेवढ्यावर टाळ्या घेणं मला आळसाचं वाटतं. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, त्यातलं गोव्याचं एक पुस्तक घेतो.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. आपल्या दौलताबादवर ज्याचा अंमल होता त्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यानं उपचार केले. 1563 साली इथल्या औषधांवरचं त्याचं पुस्तक गोव्यात छापलं गेलं. सगळं संवादात. रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य जुन्या ग्रंथांचे दाखले देतो, ओर्ता स्वतः पाहिलेलं पुढं ठेवतो. पटकीच्या प्रकरणात तर आपली ‘मोडशी’ पोर्तुगीज उच्चारात भेटते. ग्रंथप्रामाण्याला एवढा धक्का, तरी पुस्तक इन्क्विझिटरच्या नजरेखालून पास झालं. तसं पहिल्या पानावरच छापलंय.

मग अडलं कुठं? ओर्ताचे आईबाप ज्यू. 1497 साली पोर्तुगालच्या राजानं ज्यूंना जबरीनं ख्रिस्ती केलं. पुढं जन्मलेल्या पोरांवरही ‘नवे ख्रिस्ती’ हाच शिक्का. बाप्तिस्मा झाला, पण मोजलं ते रक्तच! ओर्ता 1568 साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जाळलं. 1580 साली त्याची हाडं उकरून जाळली. आरोप काय, तर चोरून ज्यू धर्म पाळला. मेलेला माणूस काय जबाब देणार?

आणि 1582 साली त्याच चर्चनं ताऱ्यांचा हिशेब लावून पंचांग सुधारलं. आपल्या भिंतीवरची तारीख त्याचीच. ईस्टरचा दिवस चुकत होता ना! म्हणजे झाडपाला चालला, तारे चालले, जन्म तेवढा चालला नाही. धर्म बदलला तरी जात विचारणाऱ्या मुलखात हे फोडून सांगायची गरज नाही.

पण ओर्ताला डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. पुस्तकात तो घरच्या दासीला, अंतोनियाला, हाक मारतो. ती झाडपाला आणून देते नि निघून जाते. तिला त्यातलं काय ठाऊक होतं, हे दोघे विद्वान विचारत नाहीत. 1567 साली क्लूसियसनं या पुस्तकाचा लॅटिन सारांश अँटवर्पला छापला. युरोपभर वाचला गेला तो हाच. त्यानं संवाद काढून टाकले, नुसती माहिती ठेवली. अंतोनिया त्यातच गेली.