श्वानाचा अंतकाळ आणि आपले वाङ्मय

महाभारताच्या आरंभी कुत्रा आहे आणि अखेरीसही कुत्रा आहे. जनमेजयाच्या सत्रात त्याच्या भावांनी सरमेच्या निरपराध पोराला मारले आणि ती माउली राजाला शाप देऊन गेली, हा आदिपर्वातील प्रसंग. आणि महाप्रस्थानिक पर्वात भार्या व बंधू एकामागून एक पडत गेल्यावर युधिष्ठिराच्या मागे उरला तो एक कुत्रा. एवढ्या प्रचंड ग्रंथाची दोन्ही दारे या प्राण्याच्या राखणीस दिलेली पाहून व्यासांच्या योजकतेचे कौतुक वाटते. परंतु ज्या एका प्रश्नाने आज पुष्कळ सुशिक्षित घरांची झोप उडते, त्याचे उत्तर या दोन्ही दारांशी मिळत नाही. दहा-बारा वर्षे घरात वाढलेला, आता जर्जर होऊन असाध्य रोगाने ग्रासलेला कुत्रा. त्याला केव्हा जाऊ द्यावे, आणि जाऊ देणे म्हणजे त्याचा त्याग की त्याची शेवटची सेवा, हा तो प्रश्न. आपल्या व परक्या वाङ्मयाने त्याला कसे तोंड दिले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

युधिष्ठिराचा प्रसंग प्रथम घेऊ. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून रथात चढण्यास सांगतो. भक्ताचा त्याग हे महापातक, असे म्हणून युधिष्ठिर नकार देतो. यावर इंद्राने केलेला प्रश्न मोठा मार्मिक आहे. भावांना आणि द्रौपदीला वाटेत टाकून आलास, मग या कुत्र्यापाशीच एवढा का अडतोस? धर्मराजाचे उत्तर असे की, ते मेल्यावर मी त्यांस सोडले. मेलेल्यांशी ना सख्य ना वैर. जिवंत असता मी कोणास सोडले नाही. आमच्या मते या संवादाचे सारे तेज या भेदात आहे. जिवंतपणी सोडणे आणि मेल्यावर सोडणे यांच्यामध्ये व्यासांनी एक रेघ ओढली. आणि दुखणाईत कुत्रा पायाशी घेऊन बसलेल्या माणसाला नेमके त्या रेघेवरच उभे राहावे लागते. तो जिवंत आहे म्हणून सोडवत नाही, आणि जगणे म्हणावे असे तर त्यात फारसे उरलेले नाही. शिवाय व्यासांचा कुत्रा थकत नाही, लंगडत नाही, अन्न टाकीत नाही. हिमालयाच्या वाटेवर भीमासारखा भीम पडतो. कुत्रा पडत नाही. आणि अडचणीच्या क्षणी तो कुत्राच राहत नाही, साक्षात् धर्म होऊन उभा राहतो. युधिष्ठिराची कसोटी पुरी झाली; कुत्र्याचे पुढे काय, हा प्रश्न कवीने मोठ्या कौशल्याने नाहीसा केला.

आमच्या रायगड जिल्ह्यातली वाघ्याची कथा याच नाण्याची दुसरी बाजू होय. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या या कुत्र्याचा पुतळा १९३६ साली गडावर, समाधीजवळ, उभा राहिला. समकालीन कागदांत या कथेला आधार नाही असे इतिहासाचे अभ्यासक सांगतात, आणि पुतळ्याच्या जागेवरून अलीकडे पुष्कळ वादही माजला. तो वाद आमचा विषय नव्हे. कथा म्हणून पाहता तिचे सामर्थ्य आणि तिची सोय, दोन्ही एकाच ठिकाणी आहेत: वाघ्या स्वतःच निर्णय घेतो. धन्याने आधी जावे आणि कुत्र्याने मागून जावे, असा क्रम लोककथेने लावून दिला. सृष्टीचा क्रम उलटा आहे. माणूस साठ-सत्तर वर्षे जगतो, कुत्रा दहा ते पंधरा. तेव्हा निरोप देण्याची पाळी बहुधा धन्यावरच येते.

होमरने मात्र या बाबतीत डोळे अधिक उघडे ठेवले होते. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गातील आर्गोस हा म्हातारा कुत्रा शेणाच्या ढिगावर पडला आहे आणि त्याच्या अंगावर गोचिड्या झाल्या आहेत. वीस वर्षांनी वेष पालटून आलेल्या धन्याचा आवाज ऐकून तो शेपूट हलवितो, कान पाडतो, उठून जवळ येण्याची शक्ती त्याच्यात नाही. ओळख फुटेल म्हणून धनीही जवळ जाऊ शकत नाही. तो तोंड फिरवून डोळे पुसतो, आणि आर्गोस तिथेच प्राण सोडतो. त्या गोचिड्यांबद्दल आम्ही कवीचे ऋणी आहोत. तरीही येथेसुद्धा मरण आपल्या पायांनी, वेळ साधून, आले आहे.

ते असे आपल्या पायांनी येत असे, याचे एक कारण घरांच्या रचनेतही आहे. पनवेलला लागून असलेल्या करंजाडे येथे सिडकोने आखलेल्या सेक्टरांत आता उंच इमारती उभ्या आहेत. मुंबईच्या चाळींतून आलेली कुटुंबे तेथे राहतात, आणि विमानतळासाठी उठलेल्या गावांतील माणसेही या भागात आली आहेत. गावात कुत्रा अंगणाचा असे. म्हातारा झाला की एखाद्या दिवशी तो बांधाकडे, झुडपाआड निघून जाई. दोन दिवस पोरे हाका मारीत, मग घरातले वडील माणूस म्हणे, ‘गेला असेल तो,’ आणि तेवढ्यावर विषय मिटे. तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला निघून जाण्यास वाट नाही. दार बंद, लिफ्ट बंद, आणि जिना उतरण्याचे बळ पायांत नाही. अंगणाबरोबर त्याचे हे स्वतंत्रपणे जाणेही गेले, आणि तो निर्णय घरातल्या माणसांच्या पदरात पडला. तेथल्याच एका परिचित कुटुंबातील आजींनी आम्हांस विचारले, “भाऊ, तुम्ही एवढे ग्रंथ वाचता. याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलंय, डॉक्टर म्हणतात सोडवा. पण माझ्या पायाचा आवाज आला की अजून मान उचलतो हो तो. कुठे काही लिहिलेलं आहे का?” या प्रश्नाने आम्हांस पुस्तकांच्या फळीकडे पुन्हा जावे लागले.

भारतीय गद्यात हा प्रश्न सरळ आणि उघड्यावर मांडला तो गांधीजींनी. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू जायबंदी होऊन पडले होते. शुश्रूषा केली, शस्त्रवैद्यास दाखविले, त्याने आशा नाही असे सांगितले. कूस वळवितानादेखील त्यास असह्य वेदना होत. गांधीजींनी तो प्रश्न सर्व आश्रमवासीयांपुढे ठेवला. जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घेण्याचा आपणांस अधिकार नाही, असा विरोधही झाला. अखेर त्यांनी डॉक्टरांना बोलावून आपल्या समक्ष वासराला विषाची सुई देवविली. दोन मिनिटांच्या आत सारे आटोपले, असे ते नमूद करतात. ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या पत्रांतून हे प्रसिद्ध होताच निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला.

दोन वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये, अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ भटक्या कुत्र्यांना मारविले त्या वेळीही गांधीजींवर असाच गहजब झाला होता, परंतु त्या वादात आणि या वादात मोठे अंतर आहे. तेथे नगराच्या रक्षणाचा प्रश्न होता. येथे मरणाऱ्याच्या हितावाचून दुसरे कारण नव्हते, आणि म्हणूनच १९२८ चे लेखन अधिक कठीण आणि अधिक मोलाचे आहे. शस्त्रवैद्याची सुरी जशी हिंसा नव्हे, तसेच हे, असा त्यांचा मुख्य युक्तिवाद. तो दुबळा वाटतो. शस्त्रवैद्य रोग्याला जगविण्यासाठी कापतो. पण पुढे उलट आलेल्या पत्रांना उत्तर देताना त्यांनी ज्या चार अटी घातल्या त्या फार कसाच्या आहेत. रोग असाध्य असावा. संबंधित सर्वांनी आशा सोडलेली असावी. कोणतीही मदत वा सेवा पोहोचण्यापलीकडे स्थिती गेलेली असावी. आणि रोग्याला स्वतःची इच्छा व्यक्त करणे अशक्य असावे. यांपैकी एकही अपुरी असेल तर प्राण घेणे अहिंसेच्या दृष्टीने समर्थनीय नाही.

करंजाड्याच्या आजी अडल्या त्या दुसऱ्या आणि चौथ्या अटीपाशी. सर्वांनी आशा सोडली असेल, एका म्हातारीने सोडलेली नाही. आणि कुत्र्याला इच्छा व्यक्त करता येत नाही असे तरी कसे म्हणावे? तो ताटलीवरून तोंड फिरवितो, रात्रभर कूस बदलीत धापा टाकतो, अंगावर हात ठेवला तर आखडतो. आणि त्याच दिवशी संध्याकाळी ओळखीच्या पावलाला मान उचलतो. दोन्ही त्याचीच वचने आहेत. गांधीजींचे गद्य या जागी थांबते, आणि ललित लेखकाचे काम येथून सुरू व्हावयास हवे.

ते काम आमच्या वाचनात उत्तम रीतीने केले आहे जॉन स्टाइनबेकने, ‘ऑफ माइस अँड मेन’ या १९३७ सालच्या छोट्या कादंबरीत. शेतावर झाडलोट करणारा, एक हात गमावलेला म्हातारा कँडी, आणि त्याने पिलापासून वाढविलेला आंधळा, संधिवाताने आखडलेला मेंढरांचा कुत्रा. कार्लसन नावाचा सोबती म्हणतो की त्याला गोळी घालावी, कारण तो स्वतःच्याही उपयोगाचा राहिला नाही. हे म्हणणे खोटे नाही. पण कार्लसनची मूळ तक्रार कुत्र्याच्या अंगाच्या घाणीची आहे, हे लेखक आपल्याला विसरू देत नाही. कुत्र्याबद्दलची दया आणि स्वतःच्या नाकाची सोय या दोन गोष्टी त्या कोठडीत अशा मिसळतात की वेगळ्या काढता येत नाहीत. आपल्या घरांतही हेच होते: जागरणे, औषधांचा खर्च, फरशीवरचे डाग, शेजाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या. ही कारणे लाजिरवाणी नाहीत; परंतु ‘त्याचे हाल पाहवत नाहीत’ या वाक्यात ‘त्याचे’ किती आणि ‘पाहवत नाहीत’ किती, हे ज्याने त्याने मोजून पाहावे, असे तो प्रसंग वाचताना वाटत राहते.

पुढचा भाग तर अप्रतिम आहे. कुत्र्याला बाहेर नेल्यावर खोलीतली माणसे पत्त्यांच्या गोष्टी काढतात, उगाच काहीबाही बोलतात, आणि सर्वांचे कान बाहेर असतात. बार ऐकू येतो. कँडी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. पुढे केव्हातरी तो जॉर्जला सांगतो की, त्या कुत्र्याला मीच गोळी घालावयास हवी होती, परक्याला घालू द्यावयास नको होती. तो मेला याचा पश्चात्ताप त्याला नाही. आपण जवळ नव्हतो याचा आहे. हे एक वाक्य ज्या घरी वाचले जाईल, तेथला कोणी सुईच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बाहेर बसणार नाही, अशी आमची खात्री आहे.

शास्त्रज्ञांनी या प्रश्नाला कोष्टकाचे रूप दिले आहे. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ साली सात बाबींची मापनपट्टी मांडली: वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हिंडणे-फिरणे, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत की नाहीत. प्रत्येकीला ० ते १० गुण; बेरीज ३५ च्या वर असली तर जगणे सुसह्य मानावयाचे. साहित्याच्या लेखात हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण यातली सातवी बाब आम्हांस वाङ्मयीन वाटते. ती घरच्यांना रोजनिशी लिहावयास लावते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बऱ्या दिवसाला एक खूण, वाईट दिवसाला दुसरी. आठवणीला दगा देण्याची सवय असते. कालची एक हललेली शेपटी आठवडाभराच्या धापा झाकून टाकते. कॅलेंडर झाकीत नाही.

सरकारी गद्यातही क्वचित अनपेक्षित कोवळीक सापडते. भटक्या कुत्र्यांविषयी केंद्र सरकारने २००१ साली केलेल्या नियमांत, असाध्य रोगाच्या कुत्र्याला पशुवैद्याने वेदनारहित मरण कसे द्यावे हे सांगताना, एका कुत्र्यादेखत दुसऱ्याला असे मरण देऊ नये, असे एक कलम घातले होते. तो मसुदा ज्याने कोणी लिहिला त्याने कुत्रा पाहिलेला होता. घरच्या कुत्र्याच्या वेळी काय घडते तेही येथे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांस ते ठाऊक नसते: बहुधा आधी गुंगीचे औषध देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून, शुद्ध काही क्षणांत हरपते, हृदय थोड्या मिनिटांत थांबते. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास वा स्नायूंची हालचाल दिसली तरी ती वेदनेची खूण नसते.

मराठीपुरते बोलावयाचे तर, पु. ल. देशपांडे यांच्या ‘पाळीव प्राणी’ने कुत्रा पाळणाऱ्यांच्या अभिमानाला मनमुराद हसविले, आणि ते योग्यच झाले. संतकथांत नामदेव पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावले. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’ या २००८ सालच्या चित्रपटात जायबंदी बैल आणि त्याला कसायाला देऊ नका म्हणून झगडणारा पोर आहे. तेथे बापाचे दारिद्र्य आणि पोराची माया यांची खरी झुंज लागते, म्हणून तो आमच्या विषयाच्या फार जवळ येतो. तथापि बैल हा शेतकऱ्याचे भांडवल आहे. ज्याच्यापासून एका पैशाचा लाभ नाही अशा प्राण्यासाठी अख्खे घर रात्री दोन वाजता जागे आहे, हा प्रसंग मराठी कथेत त्याच्या योग्यतेने आलेला आमच्या पाहण्यात नाही.

जे. एम. कूट्झी यांच्या ‘डिसग्रेस’ या १९९९ सालच्या कादंबरीत तो आला आहे, आणि अत्यंत निष्ठुरपणे आला आहे. अब्रू गेलेला प्राध्यापक लूरी प्राण्यांच्या एका दवाखान्यात, नको असलेल्या कुत्र्यांना मरण देण्याच्या कामी मदत करतो. भट्टीवरचे मजूर ताठरलेले पाय फावड्याने झोडून मोडतात हे पाहवेना, म्हणून तो ती शरीरे स्वतः नेऊन भट्टीत सोडू लागतो. एक मागचा पाय वाळलेला कुत्रा त्याला लळा लावतो. लूरी तंतुवाद्य छेडू लागला की तो कान देऊन ऐकतो. त्याला आणखी एक आठवडा राखता आला असता. शेवटच्या पानावर लूरी त्याला उचलून आत नेतो आणि आजच सोडून देतो. हे योग्य झाले की नाही, यावर कूट्झी एक अक्षर बोलत नाहीत. लूरीने जाणूनबुजून त्या कुत्र्याला नाव दिलेले नसते. नाव दिले असते तर हे झाले नसते, हे त्याला ठाऊक आहे.

करंजाड्याच्या कुत्र्याला नाव आहे. त्याच्या लसीच्या पुस्तिकेवर तर त्यापुढे घरचे आडनावही लिहिलेले आहे. आजींना आम्ही कँडीची गोष्ट सांगितली आणि गांधीजींच्या चार अटी कागदावर उतरवून दिल्या. त्यांनी तो कागद कॅलेंडरच्या खिळ्याला अडकविला, आणि डॉक्टरांना फोन करताना नातवाला म्हणाल्या, “रविवारी नको. रविवारी सगळे घरी असतात, त्याला वाटेल काही सणच आहे. सोमवारी सकाळी बोलाव. मी मांडीवर घेऊन बसेन.”