एका पदात तीन माणसे

विद्यापीठांतल्या संगीत विभागांची चर्चा निघाली की ती लगेच रिक्त जागांवर येते आणि तिथेच थांबते. तक्रारीत खोटे काही नाही. महाराष्ट्रात २०१७ साली भरतीवर निर्बंध आले. २०२१मध्ये सहायक प्राध्यापकांची २,०८८ पदे भरायला मंजुरी मिळाली, पण ती सगळ्या विषयांना मिळून. त्यातून संगीताच्या वाट्याला किती येणार, हे सांगायला आकडेमोड लागत नाही. बहुतेक महाविद्यालयांत हा विषय एकाच शिक्षकाच्या खांद्यावर असतो. तो निवृत्त झाला की तासिका तत्त्वावर कोणीतरी नेमला जातो. तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की तेही बंद. एवढे सगळे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की उद्या एका सहीने साऱ्या जागा भरल्या तरी दुखणे हटणार नाही, कारण ते पदाच्या घडणीतच आहे. संगीत विभाग चालायला तीन प्रकारची माणसे लागतात: गळा किंवा हात तयार करून घेणारा गुरू, ग्रंथ आणि इतिहास यांची चिकित्सा करणारा अभ्यासक, आणि रोजच्या तालमीला साथ करणारा तबलजी किंवा संवादिनीवादक. जाहिरात मात्र एकाच पदाची निघते, आणि ते भरताना या तिघांपैकी फक्त मधल्याची पारख होते.

ती कशी होते, हे निवडीच्या पायऱ्या पाहिल्या की कळते. पहिली पायरी नेटची, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेची. संगीताच्या नेटमध्ये सारे प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकराचे अध्याय सात, हे माहीत असलेल्याला गुण मिळतात, आणि अभ्यासकाला ते माहीत असलेच पाहिजे. पण दरबारीतला आंदोलित गांधार विद्यार्थ्याच्या गळ्यात नेमका कुठे चुकतो आहे आणि तो कसा सुधारून घ्यायचा, हे कोणत्याही पर्यायावर खूण करून दाखवता येत नाही. दुसरी पायरी छाननीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी गुणांचा जो तक्ता आहे, त्यात पीएच.डी.ला ३० गुण, शोधनिबंधांना १० आणि पुरस्कारांना फार तर ३ आहेत. मैफलीचा रकाना त्यात नाही. हा तक्ता रसायनशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या उमेदवारासाठीही तोच आहे. मुलाखतीत गायला लावतात हे खरे, पण तोवर यादी कागदावर ठरून गेलेली असते. जो त्या यादीत नाही, त्याचा षड्ज समितीच्या कानावर पडतच नाही.

नियमांत कलावंतांसाठी दुसरे दार ठेवले आहे, असे यावर सांगितले जाते. तसे ते आहे. नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनची अ श्रेणी मिळवलेला आणि विषय तर्कशुद्धपणे मांडू शकणारा व्यावसायिक कलावंत नेटशिवाय पात्र ठरू शकतो. पण २०१८च्या नियमांनुसार त्याच्याकडेही पदवी हवी. गंगूबाई हनगल यांचे शालेय शिक्षण प्राथमिक पातळीवरच थांबले होते, तरी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने त्यांना मानाने शिकवायला बोलावले. त्या आज अर्ज करत्या, तर या दुसऱ्या दारावरही अडल्या असत्या. अर्थात, आजच्या बहुतेक तरुण कलावंतांकडे पदवी असते, त्यामुळे खरी अडचण पुढची आहे. या दाराने आलेल्याची मोजदाद करायला वेगळा तक्ता नाही. पंधरा वर्षे गुरूपाशी बसलेल्या माणसाला शोधनिबंधांच्या रकान्यात शून्य लिहावे लागते आणि तो आपणहून मागे सरतो. ज्यांना तरीही आत यायचे असते, ते पीएच.डी.ला नाव नोंदवतात. संशोधनाची ओढ नसलेल्या चांगल्या गायकाकडून नोकरीपुरता प्रबंध लिहून घेण्यात संशोधनाचेही नुकसान आहे. एखाद्या घराण्याच्या गायकीचा चिकित्सक अभ्यास असे शीर्षक द्यायचे, आत चरित्र, शिष्यपरंपरा आणि बंदिशींची यादी भरायची, असे प्रबंध ग्रंथालयांत वाढत जातात आणि खऱ्या संगीतशास्त्राची पत कमी होते.

गुरू आणि अभ्यासक ही विभागणी नवी नाही, ती आपल्या संस्थांच्या पायातच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते गाणारा आणि शिकवणारा वर्ग घडवण्यासाठी. भातखंड्यांचा भर ग्रंथ, बंदिशींचा संग्रह आणि रागांच्या वर्गीकरणावर होता. १९१६ची बडोद्याची परिषद आणि १९२६चे लखनौचे महाविद्यालय ही त्या दृष्टीची फळे. पुढे विद्यापीठांनी या दोन्ही धारा एका छपराखाली आणल्या आणि जिथे दोन्ही कामांना वेगवेगळी माणसे दिली, तिथे विभाग बहरले. बनारस हिंदू विद्यापीठात ओंकारनाथ ठाकूर हे मैफल गाजवणारे गवई संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होते, आणि त्यांच्याच शिष्या प्रेमलता शर्मा यांनी तिथे संगीतशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला. गुरू आणि अभ्यासक यांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या मापाने मोजले गेले नाही. याला उत्तर म्हणून प्रभा अत्रे, अशोक दा. रानडे, एन. राजम अशी नावे पुढे केली जातात: दोन्ही बाजू एकाच व्यक्तीत असू शकतात, हे त्यांनी दाखवलेच की. दाखवले, यात शंका नाही. पण ज्यांच्या नावाने पिढी ओळखावी अशा माणसांना किमान पात्रता मानून सेवानियम लिहिता येत नाहीत. नियम सामान्यपणे चांगल्या माणसासाठी असतात, आणि सामान्यपणे चांगला माणूस या दोहोंपैकी एकच काम मन लावून करतो.

तिसऱ्या माणसाची, साथीदाराची, गोष्ट तर मोजणीतच हरवते. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचे थेट अध्यापन ठरलेले आहे. श्रेयांकांच्या हिशेबात व्याख्यानाचा एक श्रेयांक पंधरा तासांचा, तर प्रात्यक्षिकाचा तीस तासांचा. प्रयोगशाळेच्या विषयांना हा हिशेब चालून जातो, कारण तिथे प्रात्यक्षिक हे सिद्धान्ताच्या पडताळणीसाठी असते. संगीतात प्रात्यक्षिक हाच विषय आहे, आणि तासाला मिळणारे मोल मात्र निम्मे. शिवाय तो तास वीस जणांच्या वर्गाला एकत्र घेऊन भागत नाही. विलंबित ख्याल बसवायचा तर प्रत्येकाची आवर्तने वेगळी भरवून घ्यावी लागतात, आणि त्यासाठी समोर ठेका धरणारा माणूस लागतो. साथीदाराचे पद कुठे शिक्षकेतर म्हणून असते, कुठे मानधनावर, कुठे मुळीच नसते. मग यंत्रावरचा ठेका लावून तालीम चालते. यंत्र लय चुकत नाही, पण समेवर येताना गायकाला सांभाळूनही घेत नाही, आणि चुकला तर थांबवतही नाही. विद्यार्थी तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा जिवंत साथीबरोबर तो किती तास गायला, हे कोणत्याही मूल्यमापन अहवालात विचारले जात नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. परीक्षा आणि तक्ते नकोत म्हटले की घराणी, शिष्यगोतावळा आणि वशिला यांना रान मोकळे होईल. निदान नेट कोणाचे नाव पाहत नाही. ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. संगीताच्या क्षेत्रात ओळखीचे जाळे दाट आहे. छोट्या गावातल्या, गुरूचे मोठे नाव पाठीशी नसलेल्या मुलीला नेटनेच दार उघडून दिले आहे. पण त्यावरचा उपाय कसोटी बदलण्याचा आहे, ती काढून टाकण्याचा नाही. उमेदवारापुढे तीन अनोळखी विद्यार्थी बसवावेत, त्याने त्यांना एक बंदिश शिकवावी, बाहेरच्या परीक्षकांनी आधी जाहीर केलेल्या निकषांवर गुण द्यावेत आणि तासाचे ध्वनिचित्रमुद्रण जपून ठेवावे. यात वशिल्याला जागा कमी उरते, कारण शिकवणे सगळ्यांना दिसते. मोठा कलावंत चांगला शिक्षक असतोच असे नाही, या दुसऱ्या आक्षेपालाही हेच उत्तर आहे. अ श्रेणीने गाणे कळते, नेटने वाचन कळते, शिकवणे मात्र दोन्हींतून कळत नाही. ते पाहावेच लागते.

तिसरे म्हणणे असे, की कलावंत घडवणे हे विद्यापीठाचे कामच नाही. ते गुरूंवर आणि कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीसारख्या संस्थांवर सोडावे. ही भूमिका प्रामाणिक आहे, पण मग गायन-वादनाच्या पदव्या देणे बंद करावे लागेल. तेही कोणाला नको आहे. विदर्भातल्या अनेक महाविद्यालयांत बी.ए.ला संगीत ऐच्छिक विषय असतो. तिथे जाणकार श्रोता आणि शाळेला चांगला शिक्षक मिळवून देणे हे पुरेसे मोठे ध्येय आहे आणि नेटच्या वाटेने आलेला शिक्षक ते पेलू शकतो. पदव्युत्तर विभागाची गोष्ट वेगळी. पुण्याच्या विद्यापीठाने ललित कला केंद्राच्या नावातच गुरुकुल ठेवले, ते गुरूचे शिकवणे विद्यापीठाच्या चौकटीत बसवता येते या विश्वासाने.

विद्यापीठ अनुदान आयोगाकडून अलीकडे आलेला तोडगा म्हणजे प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस. २०२२च्या या योजनेत औपचारिक पदवीची अट नाही, हे स्वागतार्ह. पण ही नेमणूक मंजूर पदांच्या बाहेरची आणि जास्तीत जास्त चार वर्षांची असते. चार वर्षांत एक गळाही नीट तयार होत नाही. म्हणजे गुरूची गरज व्यवस्थेला पटली, फक्त तो कायमचा नको आहे. खरा उपाय मंजूर पदांतच आहे: पदव्युत्तर विभागात गुरूचे पद आणि अभ्यासकाचे पद वेगळे जाहीर करावे, दोघांची वेतनश्रेणी एक आणि पात्रतेचे तक्ते दोन असावेत, आणि दर काही विद्यार्थ्यांमागे साथीदाराचे पद अध्यापक म्हणून धरावे. यासाठी पैसा लागेल, हे उघड आहे. पण तोवर निदान जाहिरात तरी खरी असावी. ज्याला प्रबंध तपासायचे आहेत त्याच्याकडून प्रबंध मागावा, ज्याला गळे घडवायचे आहेत त्याचे शिकवणे पाहावे. एवढे करायला नव्या पदांच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.