कोवळ्या पानांचा हिशेब

शास्त्रीय संशोधन कसे लिहावे, असे कोणी विचारले की मला दोन लेखने आठवतात. दोन्ही आमच्या विदर्भातली, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची.

पहिले १९९९ सालचे, ‘लॅन्सेट’ या इंग्रजी नियतकालिकातले. गडचिरोलीच्या ३९ गावांत, शिकवून तयार केलेल्या गावातल्याच बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची निगा राखली, जंतुसंसर्गावर औषध दिले. ही सोय नसलेल्या ४७ गावांशी ताडून पाहता नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तिथे विशेषणाला जागा नाही, आणि नसावीच. तज्ज्ञाला तुलना हवी, आकडा हवा.

दुसरे २००१ सालचे, मराठीतले: महाराष्ट्रातील बालमृत्यूंचा अहवाल, ‘कोवळी पानगळ’. या नावावर मी प्रथम रुसलो होतो. आमच्या यवतमाळकडे उन्हाळ्याच्या तोंडी सागाची पाने गळतात. त्याचा शोक कोणी करीत नाही. टाळता येणाऱ्या मरणाला संशोधकाने ऋतुचक्राची उपमा का द्यावी?

शेजारच्या आजींना ते नाव वाचून दाखविले. त्या क्षणभर थांबल्या नि म्हणाल्या, “पिकलं पान गळते, बाबू. कोवळं कायले गळन?”

माझा आक्षेप तिथेच संपला. जे गळायचे नव्हते तेच गळाले, हे सारे दुःख ‘कोवळी’ या एका विशेषणात आले आहे. पुराव्याची उणीव झाकण्यासाठी शब्द सजविणारे पुष्कळ. पक्का पुरावा हाती असताना आजींना कळेल असा शब्द शोधणारे संशोधक मात्र थोडे.