पुरवठ्याच्या पाच ओळी

वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांना डेटाबेस हा विषय बहुधा शेवटाकडून शिकवला जातो. आधी एसक्यूएलच्या कमांड, मग नॉर्मलायझेशनचे नियम आणि परीक्षेत हमखास येणारा 'खालील टेबल थर्ड नॉर्मल फॉर्ममध्ये आणा' हा प्रश्न. हे सगळं ज्या निबंधातून उगवलं, तो मात्र कुणी वाचायला देत नाही. गणिती चिन्हं दिसली की तो संगणकवाल्यांचा म्हणून बाजूला ठेवला जातो. एडगर एफ. कॉड यांचा हा निबंध 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकाच्या जून १९७० च्या अंकात प्रसिद्ध झाला. पानं अवघी अकरा. मला तो संगणकाच्या विद्यार्थ्याइतकाच, किंबहुना जास्तच, धंदा-व्यवसाय शिकणाऱ्याचा वाटतो. त्यातली उदाहरणं कारखान्यातली आणि कचेरीतली आहेत: पुरवठादार, सुटे भाग, प्रकल्प, कर्मचारी, हुद्दा, पगार. आणि ही उदाहरणं वरवरची नाहीत. नीट वाचली तर टेबल आखणं म्हणजे व्यवसायाबद्दल काहीतरी ठामपणे सांगणं आहे, हे त्यांतून उलगडत जातं.

कॉड जन्माने इंग्लिश. ऑक्सफर्डला शिकलेले गणिती, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक. हा निबंध लिहिला तेव्हा ते आयबीएमच्या सॅन होजे इथल्या संशोधन प्रयोगशाळेत होते. पुढे १९८१ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. निबंधाच्या पहिल्याच वाक्यात ते आपली बाजू निवडतात. मोठ्या माहितीसाठ्यांचा वापर करणाऱ्यांना, ती माहिती यंत्राच्या पोटात कशी रचली आहे हे जाणून घ्यावं लागू नये, त्या जाचापासून त्यांचं रक्षण व्हावं, असं ते म्हणतात. यंत्राचा वेग, साठवणुकीची जागा, खर्च यांतलं काहीच या वाक्यात नाही. सगळी अकरा पानं माहिती मागणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिलेली आहेत.

हे रक्षण कशापासून, हे कळायला त्या वेळची परिस्थिती ठाऊक हवी. आयबीएमचीच आयएमएस ही प्रणाली तेव्हा बाजारात होती. अपोलो मोहिमेच्या यानांच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याच्या कामातून ती जन्मली. तिच्यात माहिती झाडासारखी रचलेली असे: वर एक नोंद, तिच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. माहिती हवी तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फांदीफांदीने खाली उतरायचं. कॉड निबंधात भाग आणि प्रकल्प यांचंच उदाहरण घेतात, तेव्हा ते आपल्याच कंपनीच्या आवारात बोलत असतात.

त्यांचा प्रश्न एखाद्या स्टोअरकीपरने विचारावा इतका साधा आहे. 'अल्फा' नावाच्या प्रकल्पासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक भागाचा क्रमांक, नाव आणि राखून ठेवलेले नग छापून द्या. मग ते हीच माहिती रचण्याच्या पाच तऱ्हा मांडतात. भागांच्या पोटात प्रकल्प. प्रकल्पांच्या पोटात भाग. भाग आणि प्रकल्प वेगवेगळे, पण 'किती नग राखले' ही नोंद प्रकल्पाच्या पोटात. तसंच, पण ती नोंद भागाच्या पोटात. आणि शेवटी तिन्ही स्वतंत्र. पाचही तऱ्हांमध्ये माहिती तीच. पण समोर कुठली रचना आहे हे न तपासता, एकीवर विसंबून लिहिलेला प्रोग्रॅम उरलेल्या चारांपैकी किमान तीन रचनांवर कोसळतो. कॉड हे जोड्या लावून दाखवतात आणि पुढे सरकतात, आवाज चढवत नाहीत. उद्या कुणी भागांखालचे प्रकल्प उचलून प्रकल्पांखाली भाग ठेवले, तर धंद्यात काहीही बदललेलं नसताना कचेरीतले सगळे अहवाल बंद पडतील, हे वाचणाऱ्याच्या आपोआप लक्षात येतं.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी इथे एका बाबतीत पुढे असतो, कारण रोजकीर्द आणि खतावणी त्याच्या हाताखालून गेलेली असते. रोजकीर्दीत नोंदी तारखेने लागतात, म्हणून 'अमुक दिवशी काय झालं' याचं उत्तर चटकन मिळतं. 'अमुक गिऱ्हाइकाकडून किती येणं आहे' हे विचारलं तर त्याच नोंदी खात्यांनुसार पुन्हा लिहून काढाव्या लागतात. वही कशी लावली आहे त्यावर कुठला प्रश्न सोपा जाणार हे ठरतं. कॉड यांना नोंदी अशा ठेवायच्या होत्या की कुठलाच प्रश्न आधीपासून लाडका नसावा.

त्यावरचं त्यांचं उत्तर म्हणजे निबंधातली पहिली आकृती. 'सप्लाय' नावाचं टेबल, चार कॉलम, पाच ओळी:

पुरवठादार १, भाग २, प्रकल्प ५, नग १७
पुरवठादार १, भाग ३, प्रकल्प ५, नग २३
पुरवठादार २, भाग ३, प्रकल्प ७, नग ९
पुरवठादार २, भाग ७, प्रकल्प ५, नग ४
पुरवठादार ४, भाग १, प्रकल्प १, नग १२

कुणी कुणाच्या पोटात नाही. ओळींचा क्रम बदला, अर्थ बदलत नाही. हुबेहूब दोन ओळी असू शकत नाहीत. कॉलमांचा क्रमही वापरणाऱ्याला पाठ असायची गरज नसावी, प्रत्येक कॉलम नावाने ओळखला जावा, असं कॉड पुढे सुचवतात. आज हे इतकं अंगवळणी पडलं आहे की यात काही शोध होता हे जाणवतही नाही. मला मात्र या आकृतीतली सर्वांत मोलाची गोष्ट तिच्या शेजारचा खुलासा वाटतो. या ओळी म्हणजे ठरावीक पुरवठादारांकडून ठरावीक प्रकल्पांकडे ठरावीक नगांनी सध्या वाटेवर असलेला माल, असं ते सांगतात. म्हणजे टेबलाच्या डोक्यावर एक वाक्य आहे आणि प्रत्येक ओळ त्या वाक्यातल्या रिकाम्या जागा भरते.

ते वाक्य व्यवसायाच्या विद्यार्थ्याने धरून ठेवावं, कारण त्यातून प्रश्न सुटत जातात. माल पोचला की ओळ काढायची का? काढली तर मागच्या वर्षीच्या पुरवठ्याचा हिशेब कुठे मिळेल? एकाच पुरवठादाराने तोच भाग त्याच प्रकल्पाला सोमवारी १७ नग आणि गुरुवारी पुन्हा १७ नग धाडले, तर? हुबेहूब दोन ओळी चालत नाहीत, म्हणजे दुसरी खेप या टेबलात मावतच नाही. चलन क्रमांक किंवा तारीख असा आणखी एक कॉलम हवा. ही उणीव गणिताने सापडत नाही. ज्याला गोदामाचं कामकाज ठाऊक आहे त्यालाच ती दिसते.

याच पाच ओळींवर निबंधातला सर्वांत धारदार इशारा पडताळून पाहता येतो. कॉड त्याला 'कनेक्शन ट्रॅप' म्हणतात. समजा कुणी विचार केला, चार कॉलम कशाला, दोन सुटसुटीत टेबलं करू: कोण कुठला भाग पुरवतो हे एकात, कुठला भाग कुठल्या प्रकल्पाला लागतो हे दुसऱ्यात. दोन्हींत भाग हा कॉलम आहेच, हवं तेव्हा जोडून घेऊ. आता भाग ३ बघा. तो पुरवठादार १ आणि २ असे दोघे पुरवतात आणि प्रकल्प ५ आणि ७ असे दोघे वापरतात. दोन्ही टेबलं जोडली की एकट्या भाग ३ च्या चार ओळी होतात. पाचाच्या सात झाल्या. त्यांतल्या दोन धादांत खोट्या: पुरवठादार १ ने प्रकल्प ७ ला भाग ३ दिला, आणि पुरवठादार २ ने प्रकल्प ५ ला. असं कधी घडलंच नाही.

उद्या प्रकल्प ७ मध्ये भाग ३ सदोष निघाला आणि व्यवस्थापकाने या जोडलेल्या टेबलावरून पुरवठादारांची यादी काढली, तर पुरवठादार १ ला विनाकारण नोटीस जाईल, त्याचं बिल अडकेल. कुणी खोटी नोंद केलेली नाही. दोन्ही टेबलांतली एकेक ओळ खरी आहे. खोटेपणा जोडणीत आहे, आणि यंत्र तो विनातक्रार छापून देतं. कोण, काय, कुणाला हे तिन्ही मिळून एक घटना होते. तिचे तुकडे करून ती पुन्हा उभी करता येत नाही. तुकडे कुठे करता येतात आणि कुठे नाही, हे टेबलाकडे बघून ठरत नाही, व्यवहाराकडे बघून ठरतं.

तुकडे जिथे करायलाच हवेत, त्याचंही उदाहरण निबंधात आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत देखणं आहे. कर्मचाऱ्याच्या नोंदीत त्याचा क्रमांक, नाव, जन्मतारीख, नोकरीचा इतिहास आणि मुलं. नोकरीच्या इतिहासात तारीख, हुद्दा आणि पगाराचा इतिहास. पगाराच्या इतिहासात तारीख आणि रक्कम. एकात एक बसलेले डबेच. कॉड ते उघडून चार सपाट टेबलं करतात, आणि हे करताना वरच्या डब्याची 'की', म्हणजे ओळ नेमकी ओळखायला लागणारे कॉलम, खालच्या प्रत्येक टेबलात उतरवतात. त्यामुळे पगाराच्या टेबलाची की तीन पदरी होते: कर्मचारी क्रमांक, हुद्द्यावर आल्याची तारीख, पगार बदलल्याची तारीख. पुढे ज्याला फर्स्ट नॉर्मल फॉर्म हे नाव मिळालं, ते हे.

वर्गात हे उदाहरण यांत्रिक कसरत म्हणून येतं. पण तीन पदरी कीकडे जरा थांबून बघा. पगाराच्या ओळीत हुद्द्याची तारीख का आली? कारण मुळात पगाराचा इतिहास नोकरीच्या इतिहासाच्या पोटात होता, म्हणजेच या कंपनीत पगार हुद्द्याला चिकटलेला आहे. एखादी कंपनी हुद्दा न पाहता दर एप्रिलला सगळ्यांचा पगार वाढवत असेल, तर पगार थेट माणसाला जोडायला हवा आणि की दोन पदरीच पुरेल. कॉड या धोरणावर भाष्य करत नाहीत, पण त्यांच्या आकृतीत धोरण आहेच. तसंच मुलांचं. तिथे की आहे कर्मचारी क्रमांक आणि मुलाचं नाव. एका घरात एकाच नावाची दोन मुलं नसतात, तेव्हा ठीक. पण आई आणि वडील दोघंही त्याच कंपनीत असतील तर एकच मूल दोन ओळींत येतं, आणि मुलांसाठीच्या वैद्यकीय विम्याचा आकडा फुगतो. १९७० च्या त्या आकृतीत कर्मचारी क्रमांकाचं नावच 'मॅन नंबर' आहे, त्यामुळे नवरा-बायको दोघंही पगारपत्रकावर असण्याची शक्यता तिथे कुणाच्या मनात आली नसावी.

निबंधाचा उत्तरार्ध पुनरुक्ती आणि सुसंगतीवर आहे. तो कोरडा आहे आणि पहिल्या वाचनात त्यातलं गणित सोडून दिलं तरी चालेल. एक उदाहरण मात्र घ्यावं. कर्मचाऱ्याच्या ओळीत त्याच्या साहेबाचा क्रमांक आहे आणि साहेबाचं नावही आहे. साहेब स्वतःही त्याच टेबलात असल्यामुळे नाव क्रमांकावरून काढता येतंच, म्हणजे ही पुनरुक्ती झाली. पण वापरणाऱ्याला ते सोयीचं आहे, हे कॉड मान्य करतात. पाठ्यपुस्तकांतला नॉर्मलायझेशनचा धडा पुनरुक्तीला सरसकट गुन्हा ठरवतो. मूळ निबंध इतका करडा नाही. वापरणाऱ्याला जे दिसतं आणि यंत्रात प्रत्यक्ष जे साठवलं जातं, या दोन गोष्टी ते वेगळ्या ठेवतात. दिसण्यातली पुनरुक्ती चालेल, पण ती कुठून येते हे प्रणालीला माहीत असलं पाहिजे आणि विसंगती आली तर तिने ती पकडली पाहिजे.

यानंतरचा इतिहास सगळ्यांना थोडाफार ठाऊक असतो. आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली सीक्वेल ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. ओरॅकल १९७९ मध्ये बाजारात आलं, आयबीएमचं डीबी२ १९८३ मध्ये. या प्रवासात एक गोष्ट गळली, आणि अहवाल काढणाऱ्या प्रत्येकाला ती आजही महागात पडते. कॉड यांच्या टेबलातून फक्त पुरवठादाराचा कॉलम उचलला तर उत्तर येतं १, २, ४. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगायची नाही, हा त्यांचा नियम. एसक्यूएलमध्ये साधा सिलेक्ट लिहिला तर १, १, २, २, ४ अशा पाच ओळी येतात. पुरवठादार तीन, मोजणीत पाच. डिस्टिंक्ट हा शब्द आठवणीने लिहावा लागतो. कॉड यांना एसक्यूएलची ही मोकळीक अखेरपर्यंत खटकत राहिली, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

पैशांच्या बाबतीत अशी दुबार मोजणी आणखी महाग पडते. एक बिल ९,००० रुपयांचं, गिऱ्हाइकाने ते तीन हप्त्यांत फेडलं. बिलांचं टेबल आणि वसुलीचं टेबल जोडून बिलांच्या रकमेची बेरीज केली की ती २७,००० येते, कारण जोडल्यावर बिलाची ओळ तीनदा आलेली असते. क्वेरी बिनचूक चालते, लाल अक्षरात काही येत नाही, आकडा थेट मासिक अहवालात जातो. जोडलेल्या टेबलाच्या डोक्यावर 'अमुक बिलापोटी अमुक दिवशी अमुक वसुली झाली' असं वाक्य लिहून ठेवलं असतं, तर त्या ओळींत बिलाच्या रकमेची बेरीज करायला हात धजला नसता. बेरीज वसुलीची करता आली असती, आणि ती ९,००० च आली असती.