सावलीने कोणाचे ऐकावे?

नर्तकीने हात उचलला आणि जमिनीवर प्रकाशाची रेघ उमटली, की आपण थक्क होतो. पण दाद द्यायची ती नृत्याला की यंत्राला? हा प्रश्न मनात ठेवून आम्ही दोन नृत्यरचनांची चित्रमुद्रणे पाहिली.

पहिली, अमेरिकन नृत्यकार मर्स कनिंगहॅम यांची ‘बायपेड’ (१९९९). पॉल कायझर आणि शेली एशकर या कलावंतांनी नर्तकांच्या अंगावर प्रकाश परावर्तित करणाऱ्या खुणा लावल्या. अनेक कॅमेऱ्यांनी त्या खुणांच्या जागा टिपल्या आणि संगणकाच्या मदतीने हाताने रेखाटल्यासारख्या आकृत्या तयार झाल्या. रंगमंचाच्या पुढच्या बाजूच्या झिरझिरीत पडद्यावर त्या नाचतात, मागे खरे नर्तक. आकृत्या आधीच तयार केलेल्या. समोर कोण नाचते आहे याचा त्यांना पत्ताही नसतो.

दुसरी, मेलबर्नच्या ‘चंकी मूव्ह’ संस्थेची ‘ग्लो’ (२००६). नृत्यदिग्दर्शक गिडिअन ओबरझानेक, संगणकप्रणाली जर्मन अभियंता फ्रीडर वाइस यांची. पांढऱ्या जमिनीवर एकच नर्तकी. वरचा कॅमेरा तिचा आकार टिपतो आणि त्यावरून संगणक त्याच क्षणी चित्र रचून जमिनीवर टाकतो. पण ते चित्रही कॅमेऱ्याला दिसले तर? तो त्यालाच नर्तकी समजेल! म्हणून कॅमेऱ्याला फक्त अवरक्त प्रकाश दिसेल अशी योजना करतात. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही आणि प्रक्षेपकाचा प्रकाश कॅमेऱ्याला दिसत नाही.

तरीही ‘त्याच क्षणी’ हे शब्द जपूनच वापरावे लागतात. समजा, कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे टिपतो. दोन चित्रांमध्ये ०.०४ सेकंद जातात. सेकंदाला २ मीटर वेगाने फिरणारा हात तेवढ्यात ८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. चित्र थोडे मागे राहणारच.

आमच्या मते ‘ग्लो’ची खरी ताकद या मागे राहण्यातच आहे. हालचाल केली की रेघ, हा नियम प्रेक्षकाला लवकर कळतो. मग नर्तकी म्हणजे दिवा लावणारे बटण वाटू लागते. पण तिच्या मागे उरलेल्या काळ्या आकृत्या जेव्हा तिच्याच दिशेने सरकू लागतात, तेव्हा अंगावर काटा येतो. सावलीने आज्ञा मोडलेली असते.

‘बायपेड’मध्ये तर आज्ञापालन नाहीच. तिथे निर्जीव रेषांमध्येही माणसाची चाल ओळखू येते आणि आपण पुन्हा खऱ्या देहांकडे अधिक बारकाईने पाहू लागतो. चित्रमुद्रणात पडदा आणि नर्तक यांच्यातले अंतर नीट जाणवत नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे. तरीही दोहोंपैकी आम्ही ‘बायपेड’लाच झुकते माप देऊ. प्रतिसाद देणारे यंत्र म्हणजे कला नव्हे. पाहणाऱ्याची नजर बदलली तर ती कला.

वर्गात एक प्रयोग जरूर करा. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून त्याचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. बऱ्याच मोबाइलमध्ये, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश लुकलुकताना दिसेल. मग मुलांना विचारा: या प्रकाशाने तुम्ही कोणती गोष्ट सांगाल?